पडदा ओढणारा कुठे गेला?

हौशी नाट्यसंस्थेत नाटकाचं पहिलं वाचन असतं तेव्हा खोलीत पंचवीस माणसं असतात आणि नाटकात पात्रं असतात आठ. वाचन संपेपर्यंत प्रत्येकाने मनातल्या मनात आपली भूमिका निवडलेली असते, आणि ती बहुतेकांची एकच असते. मग दिग्दर्शक नावं वाचतो. आठ जण खुशीत घरी जातात. दहा जणांना अचानक आठवतं की यंदा मुलाची दहावी आहे. उरलेले सात बॅकस्टेजला येतात. या सातांवर मराठी हौशी रंगभूमी उभी आहे, हे उरलेले अठरा सोडून सगळ्यांना मान्य आहे.

या सातांना कामं वाटून देण्याची पद्धत सोपी आहे. कोणाला काय येतं यापेक्षा कोणाकडे काय आहे, हे इथे पाहतात. ज्याच्या मेव्हण्याचा टेम्पो आहे तो नेपथ्य पाहतो. लॅपटॉपवाल्याकडे संगीत जातं. इलेक्ट्रिकच्या दुकानात कधीकाळी सहा महिने काढलेल्याकडे प्रकाशयोजना. ज्याला चष्म्याशिवाय वाचता येतं तो प्रॉम्प्टर, कारण विंगेत उजेड नसतो. ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडे रंगमंच व्यवस्था. ज्याच्या घरी सागवानी आरामखुर्ची आहे त्याला थेट कार्यकारिणीवर घेतात. शेवटी एक अबोल सभासद उरतो, ज्याच्याकडे काहीच नसतं. तो पडदा ओढतो.

सुरुवातीच्या काळात एवढी माणसं लागत नव्हती. ५ नोव्हेंबर १८४३ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं प्रसंगाला धरून आपापली भाषणं ऐन वेळी रचून बोलायची. लिहिलेले संवाद नाहीत, त्यामुळे पाठांतर नाही, आणि पाठांतर नाही म्हणून ते विसरणंही नाही. राक्षसाने आरडाओरडा केला की काम भागत होतं. पुढे १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' आलं आणि संवाद आधी लिहून ठेवलेल्या 'बुकिश' नाटकांचे दिवस सुरू झाले. लेखकाने लिहिलेलंच बोलायचं, ही सक्ती नटावर तेव्हापासून आहे. आणि तेव्हापासून विंगेत पुस्तक घेऊन जो माणूस उभा राहिला, त्याला अजून कोणी खुर्ची दिलेली नाही.

प्रॉम्प्टर हा हौशी नाटकातला एकमेव माणूस, ज्याचं सगळं नाटक पाठ असतं. नायिकेचे संवाद त्याला येतात, खलनायकाचे येतात, फोनवर पलीकडून न ऐकू येणाऱ्या माणसाचेही येतात. तालमीला आठांपैकी रोज तीन जण गैरहजर, आणि त्या तिघांच्या जागी वाचायला हाच उभा. प्रयोगाच्या रात्री त्याची अडचण वेगळीच असते. नट मध्येच थांबला, तर तो विसरलाय की अभिनय करतोय, हे कळायला मार्ग नसतो. वाक्य पुरवलं तर मध्यंतरात ऐकावं लागतं, "अरे, पॉज घेतला होता मी. तू मध्येच बोंबललास." पुरवलं नाही तर, "तू झोपला होतास का?" आणि आवाज जरा चढवला की तिसऱ्या रांगेतल्या आजोबांना वाक्य स्पष्ट ऐकू येतं आणि ते नटाला मोठ्याने सांगतात.

त्याहून वाईट म्हणजे वाक्याची उडी. दोन प्रवेशांत "तुम्ही इथे?" हे एकच वाक्य असलं की हौशी नट पहिल्यातून सरळ तिसऱ्या अंकात जातो. समोरचा नटही सवयीने तिसऱ्या अंकातलंच उत्तर देतो. खून व्हायच्या आधीच खुनी कबुली देतो. प्रॉम्प्टर विंगेत पानं उलटत गाडीच्या मागे धावल्यासारखा धावतो. अशा वेळी ज्याचा खून व्हायचा असतो, तो विंगेत मेकअप करून तयार बसलेला असतो आणि विचारतो, "मग आता मी जाऊ का घरी?"

नेपथ्याची हमाली कशी सुरू झाली, तेही बघण्यासारखं आहे. चित्रांच्या पडद्यांचा काळ सुखाचा होता. राजवाडा गुंडाळला, जंगल सोडलं, झालं. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणलं, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि रंगमंचावर खऱ्यासारखा दिवाणखाना उभा राहिला. मराठी रंगभूमीवरची ती मोठी क्रांती होती. ज्यांनी त्यानंतर आयुष्यभर सोफे उचलले, त्यांना कोणी क्रांतिकारक म्हटलं नाही, एवढंच.

हौशी नाटकातला सोफा कोणाच्या तरी घरून येतो. घरातल्या बाईंना तो नाटकासाठी चाललाय हे टेम्पो सुटल्यावर कळतं. त्यामुळे पहिल्या रांगेत एक प्रेक्षक अशी असते की तिचं नाटकाकडे लक्ष नसतं. तिसऱ्या अंकात नायक सोफ्यावर बुटांसकट पाय ठेवतो का, एवढंच ती बघत असते. दिग्दर्शकाने तो पाय ठेवायला सांगितलेला असतो, कारण त्यातून पात्राची बेफिकिरी दिसते. नायकाने ती बाई पाहिलेली असते, कारण ती त्याची मावशी असते. शेवटी पाय हवेतच राहतो आणि बेफिकिरी गुडघ्यात दुखायला लागते.

फ्लॅट, लेव्हल, खिळे, सुतळी आणि दुकानातून पळवलेले पुठ्ठे यांतून भिंती उभ्या राहतात. खरा त्रास देतं ते दार. सेटवरचं दार तालमीत कधीच नसतं. तिथे दोन खुर्च्यांमधली जागा म्हणजे दार, आणि ती नेहमी उघडीच असते. प्रयोगाला खरं दार येतं आणि ते आतल्या बाजूला उघडतं की बाहेरच्या, हे नटाला पहिल्या एन्ट्रीलाच कळतं. रागाने ताडकन निघून जाणारा बाप दार ओढतो, ढकलतो, फ्लॅट हलतो, भिंतीवरचे आजोबा फोटोसकट डुलतात, आणि बाप शेवटी खिडकीतून निघून जातो.

दाराच्या कडीची गंमत विजय तेंडुलकरांना नेमकी कळली होती. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या गप्पा त्यांच्या कानावर पडल्या आणि त्यातून 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक सुचलं. अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगायन या संस्थेने ते १९६७ साली केलं. नायिका बेणारेबाई झाल्या सुलभा देशपांडे. नाटकाच्या सुरुवातीलाच परक्या गावच्या हॉलच्या दाराच्या कडीत बेणारेचं बोट सापडतं. ती कडी जरा जास्त सरकली की बाहेरून लागते. पुढे बेणारे निघून जायला बघते तेव्हा दार उघडत नाही. मंडळींतला एक जण आलेला नाही, म्हणून गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला धरून त्याच्या जागी उभं करतात आणि तो इमानाने पाठ करायला बसतो. नाटक भयंकर गंभीर आहे. पण हौशी संस्थेत काम केलेला माणूस त्यातला पहिला अंक बघताना हसतो आणि शेजारी बसलेल्या पत्नीला सांगतो, "आमच्याकडे डिट्टो असंच."

नेपथ्याच्या हमालीवरचा सर्वांत देखणा उपाय पुण्यात निघाला. १६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेत प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे पीडीएने, तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. भिंत म्हणून माणसंच रांगेने उभी. ती गाते, नाचते, पाठ फिरवते की पडदा होतो, पुन्हा वळते की पुणं होतं. नेपथ्य स्वतःच्या पायांनी येतं आणि स्वतःच्या पायांनी घरी जातं. टेम्पो नको, मेव्हणा नको. या प्रयोगामागचं शहाणपण कितीतरी संस्थांनी उचललं. पण त्यांना एक गोष्ट ध्यानात राहिली नाही. भिंतीतल्या प्रत्येक माणसाला रोज तालमीला यावं लागतं, आणि हौशी संस्थेत एका वेळी सगळी भिंत कधी जमत नाही.

त्या मंडळींच्या तालमी आणखी एका कारणाने अभ्यासण्यासारख्या. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, दिग्दर्शनाला मदत करणारे सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. त्याआधी याच पीडीएत भालबा केळकरांबरोबर रंगलेले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. ते १९६९ साली दवाखाना बंद करून पूर्ण वेळ नट झाले. महाराष्ट्रात इतर ठिकाणी प्रयोगाच्या वेळी डॉक्टर सापडत नाही म्हणून धावपळ होते. पुण्यात नट सापडत नसेल तर वॉर्डात बघायचं. पुढे पीडीएने 'घाशीराम'चे प्रयोग थांबवले, तेव्हा या मंडळींनी १९७३ साली थिएटर अॅकॅडमी काढली. हौशी संस्थेत भांडण झालं की नवी संस्था निघते, ही आपली जुनी रीत आहे. पण दर वेळी तिच्याबरोबर युरोपचा दौरा करणारं नाटक निघतंच असं नाही.

नोकरी सांभाळून नाटक करण्याला तर त्याहून मोठी परंपरा आहे. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. मराठी संगीत नाटकाची सुरुवात अशी सरकारी फायलींच्या शेजारी झालेली आहे. आजही स्पर्धेच्या महिन्यात बँकेत, महावितरणात, जिल्हा परिषदेत आणि शाळांत आजारपणाची साथ येते ती उगाच नाही. साहेबाला ते माहीत असतं. साहेब गेल्या वर्षी खलनायक होता.

कागदांचं नाटक आणखी निराळं. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली, मुंबई राज्य असताना सुरू झाली. आता ती सांस्कृतिक कार्य संचालनालय घेतं. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, सोलापूर, जळगाव, नांदेड, अमरावती, चंद्रपूर अशा केंद्रांवर प्राथमिक फेरी होते, बहुधा दिवाळीनंतर. त्यासाठी प्रवेशिका लागते, लेखकाचं संमतिपत्र लागतं आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. कागद सांभाळणारा बॅकस्टेजचा माणूस या तीन कागदांना इतका जपतो की प्रयोगाच्या दिवशी ते कुठे जपून ठेवलेत हे त्यालाही सापडत नाही. लेखक हयात असेल तर बरं. त्याला फोन करता येतो. नसेल तर वारस शोधावे लागतात, आणि चार वारसांपैकी तिघांचं आपसांत बोलणं नसतं.

स्त्री-भूमिका हा कित्येक वर्षं हौशी मंडळींचा कळीचा प्रश्न होता. गावात बाई मिळायची नाही, म्हणून परगावाहून नटी बोलवायची. तिला येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन. सगळ्या संस्थेत पैसे घेणारी ती एकटी, त्यामुळे वेळेवर येणारी, पाठांतर करून येणारी आणि कंपनीला शिस्त लावणारीही तीच. तिची एन्ट्री झाली की इतरांना संवाद आठवायला लागायचे. गोव्यातल्या देवळांच्या उत्सवांत आणि जत्रांत गावकऱ्यांनीच नाटक करायची चाल आहे. तिथे तर पुष्कळ काळ पुरुषच नऊवारी नेसून उभे राहत. दिवसा बागायतीत खपायचं आणि रात्री पद म्हणत लाजायचं, हे दोन्ही एकाच माणसाने करायचं. नाटकं रात्री उशिरा सुरू होत आणि उजाडेपर्यंत चालत, त्यामुळे दाढी पुन्हा वाढायच्या आत नाटक संपवणं हे दिग्दर्शनाचं एक अंग होतं.

या सगळ्या कारभारावरचं पोट धरून हसवणारं नाटक कोकणातच घडतं. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली आलं. देवळाच्या उत्सवात गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरण करायला निघतात आणि महाभारत पडद्यामागेच जास्त घडतं. मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने मालवणी बोली महाराष्ट्रभर पोचवली. पु. ल. देशपांड्यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं, नाटक लंडनला जाऊन आलं आणि पाच हजारांवर प्रयोग झाले. म्हणजे फजितीचा इतका बिनचूक प्रयोग हजारो वेळा करून दाखवायला अखेर व्यावसायिक नटच लागले. हौशी मंडळी हे सगळं एकाच प्रयोगात, तालीम न करता करतात.

ड्रेपरीवाल्याकडे कपड्यांची दोनच मापं असतात. एक मागच्या नटाचं, दुसरं त्याच्या मागच्याचं. सेनापतीचा अंगरखा शिपायाला आणि शिपायाचा सेनापतीला बसतो, आणि दिग्दर्शक म्हणतो, "मग भूमिका बदलू या?" उरलेलं काम सेफ्टी पिना करतात. दाढी स्पिरिट गमने चिकटवतात. दुसऱ्या अंकात घाम सुटला की तिची एक बाजू सुटते. नट मग उरलेला अंक हनुवटीला हात लावून बोलतो. परीक्षकांच्या कागदावर "चिंतनशील अभिनय" असा शेरा पडतो आणि रौप्यपदक मिळतं. रंगभूषाकार पुढची दहा वर्षं सांगत असतो की ते पदक खरं म्हणजे त्याच्या गमचं आहे.

प्रकाशयोजनेत ब्लॅकआऊट ही सर्वांत धोक्याची जागा. दहा सेकंदांत चार जणांनी अंधारात जायचं, टेबल हलवायचं, कपबशा ठेवायच्या आणि परत यायचं. तिघे परत येतात. दिवे लागतात तेव्हा चौथा कपबशांचा ट्रे धरून दिवाणखान्याच्या मध्यभागी उभा असतो. प्रसंगावधान असलं तर तो म्हणतो, "साहेब, चहा." मग त्या घराला शेवटपर्यंत एक गडी असतो आणि मध्यंतरात प्रेक्षक त्याचं काम सहज झालं म्हणून तारीफ करतात. आठांच्या यादीत ज्याचं नाव नव्हतं, त्याचं पदार्पण हे असं होतं.

स्पर्धेत नाट्यगृह त्या एका दिवसापुरतं हातात येतं. दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्या संस्थेचं नाटक. त्यामुळे सकाळी सेट, दुपारी दिवे, संध्याकाळी नटराजाची पूजा. नारळ रंगमंचावरच फुटतो आणि पाणी नेमकं त्या लेव्हलवर सांडतं जिथून नायिका धावत यायची असते. पहिली घंटा. एक नट अजून रेल्वे फाटकावर अडकलेला. दुसरी घंटा. त्याचा फोन लागत नाही. दिग्दर्शक भोवताली बघतो आणि त्याची नजर विंगेत दोरी धरून उभ्या असलेल्या त्या अबोल सभासदावर जाते. भूमिका फार मोठी नाही: एन्ट्री, दोन वाक्यं, हृदयविकाराचा झटका, आणि अंक संपेपर्यंत सोफ्यापाशी पडून राहायचं. त्याला अंगरखा चढवतात. तिसरी घंटा होते.

दोन वाक्यं तो चोख म्हणतो. मरतो तर असा की टाळी पडते. अंक रंगतो, नायिका हंबरडा फोडते, संगीत चढतं, दिवे मंद होतात आणि पडदा पडत नाही. नायिका पुन्हा हंबरडा फोडते. विंगेतून दबलेला आवाज येतो, "पडदा ओढणारा कुठे गेला?" सहा जण एकमेकांकडे बघतात आणि मग सगळ्यांना एकदम उमगतं की तो रंगमंचावर मरून पडलाय. कर्तव्याची जाण असलेलं प्रेत शेवटी उठतं, प्रेक्षकांना नमस्कार करतं, विंगेत जातं आणि पडदा ओढतं.

प्रयोग संपल्यावर नटांना भेटायला गर्दी होते. फोटो निघतात, शेजारणी नायिकेच्या साडीची किंमत विचारतात. रंगमंचावर मात्र तेव्हा खिळे उपटायचं काम चालू असतं, कारण नाट्यगृह रात्रीच रिकामं करून द्यायचं असतं. टेम्पोवाला मेव्हणा रागावून बसलेला असतो. सोफ्याचा एक पाय मिळत नसतो. हिशेबाच्या वहीत "चहा" या सदराखालचा आकडा "नेपथ्य" या सदरापेक्षा मोठा निघतो आणि त्यावरून पुढच्या सभेपर्यंत पुरेल एवढं भांडण होतं. स्पर्धेत दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना पारितोषिकं असतात. प्रॉम्प्टरला नाही, सोफा उचलणाऱ्याला नाही, पडदा ओढणाऱ्याला नाही. श्रेयनामावली वाचताना त्यांच्यापाशी येईपर्यंत निवेदकाला घाई झालेली असते.

तरीही पुढच्या वर्षी वाचनाला ते सातही येतात. यंदा तरी यादीत नाव लागेल, ही आशा असतेच. पण विंगेतला वास, घंटेची धडकी आणि सगळं बिघडत असताना ते प्रेक्षकांना कळू न देण्याची मजा यांची चटक लागलेल्या माणसाला भूमिका मिळाली नाही तरी घरी बसवत नाही. व्यावसायिक रंगभूमीला नट, लेखक, दिग्दर्शक पुरवण्याचं काम हौशी रंगभूमी इतकी वर्षं करत आली, ती या बिनपगारी माणसांच्या जिवावर.

तेव्हा दिवाळीनंतर आपल्या जवळच्या केंद्रावर स्पर्धा सुरू झाली की एखाद्या संध्याकाळी जरूर जा. घंटा होऊन पाच मिनिटं गेली तर शिट्टी मारू नका. आत कोणीतरी अंगरखा चढवत असेल. नाटक आवडलं तर नायकाशी हात मिळवून झाल्यावर विंगेत डोकावून तिथल्याही दोघांना नावं विचारा. आणि पास मागू नका. तिकीट नाममात्र असतं, ते काढा.